देविनुवरसमोरचे निळे देवमासे

श्रीलंकेच्या नकाशात अगदी तळाशी जे टोक आहे, त्याला इंग्रजी नकाशे दोंद्रा हेड म्हणतात. सिंहली माणूस त्याला देवुंदर म्हणतो आणि त्यामागचे जुने नाव आहे देविनुवर, म्हणजे देवांचे नगर. ब्रिटिशांनी १८९०च्या सुमारास तिथे एकोणपन्नास मीटर उंचीचे पांढरे दीपगृह उभारले. त्याच्या पायथ्याशी उभे राहून थेट दक्षिणेकडे पाहिले, तर अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही. या टोकासमोरच्या पाण्यात दोन अवाढव्य गोष्टी एकाच पट्ट्यात नांदतात. एक निळा देवमासा, पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या प्राण्यांत सर्वांत मोठा. आणि दुसरी, सुएझ नि आखाती देशांकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जहाजांची अखंड रांग. हा पट्टा पाहण्यासाठी गेल्या फेब्रुवारीत मी दोंद्राच्या पश्चिमेला असलेल्या मिरिस्सा या कोळ्यांच्या गावी चार दिवस राहिलो आणि तीन वेळा होडीने समुद्रात गेलो. मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो भूगोलाचाच : हा प्राणी इथेच, किनाऱ्याच्या इतक्या जवळ का दिसावा?

आपल्या कोकणच्या समुद्राशी तुलना केली की उत्तर पटकन कळते. जमीन पाण्याखाली गेली तरी ती लगेच संपत नाही. एक उथळ, हळूहळू उतरणारे पठार समुद्रात पुढे जाते. मुंबईसमोर हे पठार सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. म्हणजे खोल समुद्र गाठायचा तर मुंबईच्या मच्छीमाराला मुंबई-नाशिक अंतराच्या जवळजवळ दुप्पट पल्ला पाण्यावर काटावा लागतो. दोंद्रापाशी हेच पठार इतके अरुंद आहे की किनाऱ्यापासून थोड्याच किलोमीटरवर तळ एकदम कोसळतो आणि खोली हजार मीटरच्या पुढे जाते. असा कडा असला की खालचे थंड, खनिजांनी भरलेले पाणी वर येण्याची शक्यता वाढते. त्यात मान्सूनचे वारे सहा महिने एका दिशेने नि सहा महिने उलट दिशेने वाहतात, त्यांच्याबरोबर प्रवाहही फिरतात आणि बेटाच्या टोकाशी पाणी ढवळले जाते. खनिजे वर आली की सूक्ष्म वनस्पती, त्या खायला सूक्ष्म प्राणी, आणि ते खायला हा. दीपगृहावरून दुर्बिणीने पाहणाऱ्याला निळा देवमासा दिसू शकतो, असे जगात फार कमी ठिकाणी घडते.

होड्या सकाळी साडेसहाच्या आसपास बंदरातून सुटतात. दोन मजली, शंभरेक माणसे बसतील अशा होड्याही आहेत आणि वीस-पंचवीस जणांच्या लहानही. मी मुद्दाम लहान निवडली. निघण्याआधी खलाशी सगळ्यांना मळमळीची गोळी देतो आणि वर आल्याची बिस्किटे. माझ्या मते दोन्ही घ्यावीत. अभिमान बाळगण्याची ही जागा नाही. बंदराच्या तोंडाशी रात्रीची मासेमारी करून परतणाऱ्या होड्या भेटतात, त्यांच्यावर सुरय पक्ष्यांचे थवे घिरट्या घालत असतात. पाऊण तास गेला की पाण्याचा रंग बदलतो. हिरवट छटा जाऊन शाईसारखा निळा येतो. कडा ओलांडल्याची ती खूण.

देवमासा दिसेपर्यंतचा वेळ बहुतेक पर्यटक फोनमध्ये किंवा उलटीच्या पिशवीत घालवतात आणि परत आल्यावर 'दोन तास काहीच नव्हते' अशी तक्रार करतात. या 'काहीच नव्हते'मध्ये मी पाहिले ते असे. उडत्या मासळीचे थवे : होडीच्या नाळेपुढून मूठभर चांदीची नाणी फेकावीत तसे उसळायचे आणि लाटांवरून तरंगत लांब जाऊन पडायचे. हे उडणे म्हणजे पंख मारणे नव्हे. रुंद परांवर तरंगणे आणि वेग कमी झाला की शेपटीचा खालचा भाग पाण्यात मारून पुन्हा जोर घेणे. कुपा माशांनी खालून रेटलेल्या लहान मासळीवर वरून पक्ष्यांची झड. आणि गिरक्या घेणारे डॉल्फिन, शेकड्यांनी. ते हवेत उसळतात आणि पाण्यात पडण्याआधी स्वतःच्या अंगाभोवती अनेकदा फिरतात. का फिरतात, याची उत्तरे अनेक आहेत : अंगाला चिकटलेले रेमोरा मासे झटकण्यासाठी, आपल्या जागेची इतरांना आवाजाने खबर देण्यासाठी, किंवा निव्वळ मजा म्हणून. एका पिल्लाने लागोपाठ सहा उड्या मारल्या आणि सगळ्या फसल्या. ते पाहून माझे मत तिसऱ्या उत्तराकडे झुकले आहे, पण ते शास्त्र नव्हे.

दुसऱ्या दिवशी एक कासव दिसले, पाठीवर शेवाळ घेऊन निवांत तरंगणारे. ऑलिव्ह रिडले. आपल्या वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येणारी हीच जात. फेब्रुवारी २०२३मध्ये गुहागरला उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून सोडलेल्या दोन माद्यांपैकी 'बागेश्री' ही पश्चिम किनारा उतरून, कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेपर्यंत आली होती. त्यामुळे मिरिस्साच्या समुद्रातले कासव पाहून 'ही आपल्याकडची तर नसेल?' असे वाटणे अगदीच भाबडे ठरू नये.

आता मुख्य पाहुणा. सिंहलीत त्याला निल् तल्मसा म्हणतात. त्यातले 'निल्' आणि 'मसा' मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. आपला देवमासा हा शब्दही सुंदर आहे, फक्त त्यातला 'मासा' दिशाभूल करतो, हे शाळेत शिकवताना दर वर्षी सांगावे लागे. हा प्राणी फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, आणि श्वासासाठीच त्याला वर यावे लागते. हे वर येणे नसते तर त्याला पाहणारा कोणी नसता आणि, पुढे येईलच, त्याला मारणाराही नसता.

प्रथम दिसतो तो उच्छ्वास. कारंजे नव्हे, पाणी नव्हे. कोंडलेली उबदार हवा जोराने बाहेर पडून बनलेला धुक्याचा उभा खांब, सात-आठ मीटर उंच, शांत हवेत काही क्षण टिकणारा. वारा आपल्या बाजूला असेल तर आवाजही येतो, रेल्वेच्या जुन्या इंजिनाने वाफ सोडावी तसा. मग पाण्याखाली एक फिकट, मोरपिसाच्या मध्यभागासारखी निळी-हिरवी लांबी सरकताना दिसते. पाण्याबाहेर हा प्राणी राखाडी, ठिपकेदार असतो. निळा तो पाण्यातूनच दिसतो. पाठ वर येते, येतच राहते, आणि आता संपली असे वाटल्यावर फार मागे एक हास्यास्पद वाटावा इतका लहान पर येतो. पाच-सहा श्वास, मग पाठीची कमान, आणि शेपूट उभी हवेत. जगात इतरत्र निळे देवमासे बुडी घेताना शेपूट फारशी वर काढत नाहीत. इथले बऱ्याचदा काढतात, कारण सरळ खाली, खोल जायचे असते. मग दहा मिनिटे काही नाही. तो गेला त्या जागी पाणी तेल ओतल्यासारखे गुळगुळीत होते. तो त्याचा ठसा.

एकदा त्या गुळगुळीत पाण्याच्या कडेला विटकरी लाल रंगाचा पसरट ढग तरंगताना दिसला. खलाशाने अभिमानाने सांगितले, ती विष्ठा. शेजारच्या बाईंनी नाक मुरडले, पण श्रीलंकेतल्या देवमाशांच्या अभ्यासाचा एक मोठा धागा नेमका इथूनच सुरू होतो. २००३ साली 'ओडिसी' या संशोधननौकेवर काम करणाऱ्या आशा डी व्होस या श्रीलंकन तरुणीने एकाच ठिकाणी जमलेले सहा निळे देवमासे पाहिले आणि पाण्यावर असाच लाल ढग. पाठ्यपुस्तकात तेव्हा असे होते की मोठे देवमासे थंड ध्रुवीय पाण्यात जेवतात आणि उष्ण पाण्यात विणीसाठी येतात, तिथे जवळजवळ उपाशी राहतात. विष्ठा आहे म्हणजे जेवण आहे, आणि जेवण इथेच, विषुववृत्तापासून सहा अंशांवर आहे. इतके साधे अनुमान, पण ते करायला कोणी तरी त्या ढगाकडे नाक न मुरडता पाहायला हवे होते. पुढे डी व्होस यांनी याच विषयात आयुष्य घातले आणि या प्राण्यांना 'रूढी न मानणारे देवमासे' म्हटले. त्यांचे खाद्यही वेगळे निघाले : दक्षिण महासागरात हा प्राणी क्रिल खातो, इथे त्याच्या विष्ठेत प्रामुख्याने एका जातीच्या सूक्ष्म कोळंबीचे अंश मिळाले. खोल पाण्यातले अन्न खाऊन तो लोहयुक्त विष्ठा पृष्ठभागावर टाकतो, म्हणजे खालचे खत वर आणतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर शेतात बसवलेल्या मेंढरांचे काम.

हे देवमासे अंटार्क्टिकातल्या भाऊबंदांपेक्षा आकाराने लहान आहेत. अर्थात चोवीस मीटरच्या प्राण्याला लहान म्हणणे गंमतीचेच; दोन एसटी बस एकापुढे एक लावल्या तरी तो त्यांच्यापेक्षा लांब भरतो. १८५९ साली कोलकात्यात एडवर्ड ब्लिथने त्याला 'इंडिका' हे नाव दिले. तो बारा महिने याच समुद्रात राहतो यावर आज फारसे दुमत नाही. दुमत आहे ते या समुद्रात तो फिरतो कसा यावर. चार्ल्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मांडलेला तर्क असा : नैर्ऋत्य मान्सूनमध्ये सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर खालचे पाणी प्रचंड प्रमाणात वर येते, तेव्हा बरेच देवमासे तिकडे जेवतात, मान्सून सरल्यावर विखुरतात, डिसेंबर-जानेवारीत श्रीलंकेच्या दक्षिणेकडून पूर्वेला जातात आणि एप्रिलच्या सुमारास परततात. दुसरीकडे, काही देवमासे श्रीलंकेजवळच वर्षभर राहतात असेही पुरावे आहेत. मला स्वतःला यात विरोध दिसत नाही. सह्याद्रीतली धनगरांची वस्ती चार महिने रिकामी होते, तरी घरटी एखादा म्हातारा मागे राहतोच.

या प्रश्नाचे काही पुरावे मात्र फार कडू मार्गाने मिळालेले आहेत. १९६३ ते १९६६ या काळात सोव्हिएत संघाच्या देवमासेमारीच्या ताफ्यांनी उत्तर हिंदी महासागरात बाराशेहून अधिक निळे देवमासे मारले आणि अरबी समुद्रात २४२ कुबड देवमासे, त्यातले बहुतेक १९६६च्या नोव्हेंबरमध्ये, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोर. हे सगळे बेकायदा होते आणि आंतरराष्ट्रीय आयोगाला खोटे आकडे दिले गेले. ताफ्यावरचे जीवशास्त्रज्ञ युरी मिखालेव यांनी कापलेल्या प्राण्यांची मोजमापे, पोटातले अन्न, गर्भांची लांबी हे सारे नोंदवून ठेवले होते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, नव्वदच्या दशकात, अलेक्सेई याब्लोकोव यांनी या खोट्या आकड्यांना वाचा फोडली आणि मिखालेव यांच्या नोंदी छापून आल्या. अरबी समुद्रातले कुबड देवमासे दक्षिण गोलार्धातून आलेले पाहुणे नाहीत, त्यांची वीण उत्तर गोलार्धाच्या ऋतूंप्रमाणे चालते, हे कळले ते त्या गर्भांच्या मोजमापांवरून.

सेशेल्ससारख्या चिमुकल्या देशाच्या प्रस्तावावरून १९७९मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यानंतर १९८२ ते ८४ या काळात 'ट्युलिप' नावाची शिडाची नौका श्रीलंकेभोवती फिरली. हॅल व्हाइटहेड आणि त्यांचे सहकारी आले होते तेलदेवमाशांच्या अभ्यासाला, पण त्रिंकोमलीसमोर त्यांना निळे देवमासेही भेटले. कोणेश्वरम् मंदिराच्या कड्यावरून ते जमिनीवरच्या माणसालाही दिसत. तिथे देवमासे दाखवण्याचा धंदा उभा राहू लागला, तोवर १९८३ साल उजाडले आणि पुढची सव्वीस वर्षे त्या किनाऱ्यावर बंदुका होत्या. मिरिस्साचे भाग्य दक्षिणेकडे असल्याने आधी उघडले. युद्ध २००९मध्ये संपल्यावर तिथे होड्यांची रीघ लागली. २००४च्या त्सुनामीत ज्यांची घरे-जाळी गेली, त्या किनाऱ्याला हा पैसा नकोसा होण्याचे कारण नव्हते.

पण रीघ म्हणजे रीघच. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास एका उच्छ्वासाभोवती मी अकरा होड्या मोजल्या. नियम साधे आहेत. २०१२पासून श्रीलंकेत देवमाशापासून शंभर मीटरच्या आत जाण्याला मनाई आहे. समोरून वाट अडवायची नाही, मागून पाठलाग करायचा नाही, बाजूने समांतर आणि मंद जायचे. त्या सकाळी चार होड्या त्याच्या पुढे होत्या. दहा मिनिटे खाली राहणाऱ्या प्राण्याने आठव्या मिनिटाला वर यायचे, तीन श्वास घेऊन पुन्हा बुडायचे, असे तीनदा झाले. प्रत्येक श्वासाचा, प्रत्येक बुडीचा हिशेब असतो. एका बुडीत मिळणारी कोळंबी त्या बुडीच्या खर्चाहून जास्त असेल तरच त्याचे पोट भरते. आमचा तांडेल, पन्नाशीचा, पूर्वी कुपा पकडणारा, लांबच थांबला. प्रवाशांनी कुरकुर केली. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तो इकडे येईल. आपण थांबू." तो काही आला नाही. परतताना दोघांनी अर्धे पैसे मागितले.

माझ्या मते नियम मोडण्याचे मूळ तांडेलात नाही, त्या दोघांत आहे. 'दिसला नाही तर पैसे परत' अशी पाटी जो लावतो, त्याची होडी शंभर मीटरवर थांबणार नाही. आपल्याकडे मालवण, तारकर्लीला डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांतही हेच चालते. किनाऱ्यालगत राहणाऱ्या कुबड डॉल्फिनांच्या कळपाला तीन बाजूंनी घेरून इंजिन गरगरवले जाते, कारण मुंबई-पुण्याहून आलेल्या कुटुंबाला पाऊण तासात उडी हवी असते. थांबणारी होडी आपण शोधत नाही.

तरीही होड्यांचा त्रास हा या पट्ट्यातला दुय्यम प्रश्न आहे. पहिला प्रश्न आमच्या होडीच्या दक्षिणेला, क्षितिजावर, ओळीने सरकत होता. दोंद्रासमोर जहाजांसाठी येण्याजाण्याच्या आखीव मार्गिका आहेत, आणि त्या नेमक्या कड्याजवळच्या, देवमाशांच्या जेवणाच्या पट्ट्यातून जातात. मार्च २०१२मध्ये कोलंबो बंदरात शिरलेल्या एका कंटेनर जहाजाच्या नाळेवर एक निळा देवमासा आडवा अडकलेला होता. ते छायाचित्र जगभर गेले. ज्यांची टक्कर होऊन जे बुडतात त्यांचे छायाचित्र निघत नाही.

एवढ्या मोठ्या आवाजाचे जहाज त्याला कळत कसे नाही? एक म्हणजे इंजिन आणि पंखा मागे, आणि मध्ये दोन-तीनशे मीटर पोलादी धूड; त्यामुळे अगदी समोर आवाज तुलनेने कमी पोचतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात देवमाशांना यंत्रे लावून जहाजांच्या वाटांशी ताडून पाहिले, तेव्हा असे दिसले की जहाज अगदी जवळ आले तरी ते बाजूला पळत नाहीत. फार तर सावकाश, उथळ बुडी घेतात. लाखो वर्षे ज्याला वरून धोकाच नव्हता, त्याच्या अंगात वरून येणाऱ्या धोक्याची प्रतिक्रिया घडलीच नाही.

उपाय माहीत आहे. श्रीलंकन आणि परदेशी संशोधकांनी हंगामभर नौकेने माग काढून देवमाशांची आणि जहाजांची घनता एकाच नकाशावर मांडली आणि २०१६मध्ये दाखवले की मार्गिका पंधरा सागरी मैल, म्हणजे सुमारे अठ्ठावीस किलोमीटर, दक्षिणेला सरकवल्या तर टकरीचा धोका सुमारे पंच्याण्णव टक्क्यांनी घटतो. हजारो किलोमीटरच्या प्रवासात हा फरक म्हणजे पुण्याहून मुंबईला जाताना दोन सिग्नल जास्त लागण्यासारखा. एमएससी या सर्वांत मोठ्या कंटेनर कंपनीने २०२२च्या मध्यापासून स्वतःहून आपली जहाजे या दक्षिणेच्या वाटेने न्यायला सुरुवात केली. पण स्वेच्छेने एकाने वाट बदलणे वेगळे आणि मार्गिका बदलणे वेगळे. त्यासाठी किनारी देशाने आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे प्रस्ताव न्यावा लागतो, आणि ज्या देशाला जवळून जाणाऱ्या जहाजांना इंधन-पाणी पुरवून चार पैसे मिळवायचे असतात, तो ती जहाजे लांब ढकलायला बिचकतो. कर्जाने वाकलेल्या देशाला यासाठी दोष देताना माझी तरी जीभ अडखळते.

हे सारे दूरचे वाटत असेल तर २०१५ सालचा जून आठवावा. रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे बेचाळीस फुटांचा निळा देवमासा जिवंत लागला आणि काही तासांत मेला. नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत रुतले. गावकरी, मच्छीमार, वनखाते सगळ्यांनी दीड दिवस धडपड केली, एकदा ते पाण्यात गेलेही, पण वाचले नाही. आपल्या वर्तमानपत्रांत देवमासा येतो तो असा मेलेला, किंवा 'व्हेलच्या उलटी'च्या तस्करीत. (ती उलटी नव्हे, तेलदेवमाशाच्या आतड्यात, न पचलेल्या माकुळीच्या चोचींभोवती साचणारा तो मेणचट गोळा असतो. असो.) जिवंत देवमासे आपल्या पठाराच्या पलीकडून जातात, म्हणून दिसत नाहीत. ओमानच्या मसिरा आखातात २०१७च्या अखेरीस खूण लावलेली एक कुबड मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि तिथून दक्षिणेकडे उतरत गेली. तिचे नाव लुबान, म्हणजे आपला लोबान. तिच्या शेपटीवरचा पांढरा डाग त्या झाडासारखा दिसतो म्हणून. गोव्याच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत नाताळ-नव्या वर्षाची गर्दी ओसरत होती.

निळ्या देवमाशाची खबरही अशीच, न पाहता लागली आहे. दिव्या पणिकर आणि कॅथलीन स्टॅफर्ड यांनी लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ पाण्याखाली ध्वनिमुद्रक ठेवले. २०१८च्या अखेरीपासून २०२०च्या सुरुवातीपर्यंत. त्यात श्रीलंकेच्या समुद्रातल्यासारखेच नरांचे गाणे उमटले, आणि सर्वांत जास्त एप्रिल-मे महिन्यांत. पूर्वेकडून परतीची वाट धरण्याचा अँडरसन यांनी सांगितलेला काळ साधारण तोच. ओमानच्या समुद्रातले देवमासे मात्र वेगळे गाणे गातात, असे २०२०मध्ये आणखी एका गटाने दाखवले; म्हणजे या एका समुद्रात निदान दोन घराणी आहेत. मिरिस्साच्या होड्या मे महिन्यात नांगर टाकतात, कारण नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो आणि समुद्र खवळतो. त्याच सुमारास आपल्याकडे हर्णै, मिरकरवाडा, मालवणच्या होड्या वर ओढून त्यांच्यावर झावळ्यांचे शाकार चढवले जातात, आणि पठाराच्या पलीकडे, खोल पाण्यात, ते गाणे पश्चिमेकडे सरकत असते.